विद्यार्थ्यांनीं विणलेलें जाळें

राजदरबारांत परक्या राज्याचा वकील आला म्हणजे त्यानें कोठें उभें राहावें, मुजरा कोणीं आधीं करावा, खलिता कोणाच्या हातीं द्यावा, याचे नियम ठरलेले असत. युरोपीय भाषांत या दरबारी रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. हा शब्द आतां दरबारांतून निघून महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत येऊन बसला आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षीं 'प्रोजेक्ट' म्हणून दोन संगणकांना परस्परांशीं बोलावयास लावतो, एकाकडील फाईल दुसऱ्याकडे पोंचवितो, मध्येंच तार तुटली तर निरोप पुन्हां कसा पाठवावा हें दाखवितो; आणि हें सारें करतांना इंटरनेटचे प्रोटोकॉल तो स्मृतिग्रंथांतील वचनांप्रमाणें प्रमाण मानून चालतो. तीं वचनें कोणा ऋषींनीं सांगितलीं असावींत अशी त्याची समजूत असली तर नवल नाहीं. प्रत्यक्षांत त्यांतील पुष्कळशीं वचनें त्याच्यापेक्षां चार-दोन वर्षांनींच मोठ्या असलेल्या विद्यार्थ्यांनीं लिहिलेलीं आहेत, आणि लिहितांना आपण कांहीं प्रमाणभूत लिहीत आहों ही कल्पना त्यांच्या मनाला शिवलीहि नव्हती.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या संरक्षणखात्याची 'आर्पा' ही संस्था निरनिराळ्या विद्यापीठांना संगणक घेण्यास पैसा पुरवीत असे. प्रत्येक ठिकाणचा संगणक वेगळ्या कारखान्याचा, त्याची भाषा वेगळी, त्याच्या खोडी वेगळ्या. आर्पाच्या कचेरींत तीन ठिकाणच्या तीन संगणकांसाठीं तीन टर्मिनलें मांडून ठेवावीं लागलीं होतीं. एकावरून उठून दुसऱ्यापुढें बसल्यावांचून दुसऱ्या संगणकाशीं बोलतां येत नसे. ही गैरसोय दूर व्हावी आणि एका ठिकाणचा महागडा संगणक दूरच्या विद्वानांसहि वापरतां यावा, या हेतूनें 'आर्पानेट' या जाळ्याची योजना निघाली. अणुयुद्धांत टिकून राहावें म्हणून तें निर्माण केलें, ही जी कथा वारंवार ऐकूं येते, ती पॉल बॅरन नांवाच्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या कामाशीं झालेल्या घोटाळ्यांतून जन्मली आहे. पण कथा रोमहर्षक असल्यामुळें ती मरावयास तयार नाहीं.

जाळ्याचें यंत्रकाम मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. प्रत्येक संगणकाशेजारीं कपाटाएवढें एक यंत्र ठेवावयाचें होतें. त्याला 'इंप' असें नांव होतें. संगणकानें दिलेला निरोप इंपानें लहान लहान पुडक्यांत बांधावा, भाड्यानें घेतलेल्या टेलिफोनच्या तारांवरून सेकंदाला ५०,००० बिटांच्या वेगानें पुढच्या इंपाकडे ढकलावा आणि मुक्कामीं तीं पुडकीं पुन्हां जुळवून द्यावीं, अशी ही व्यवस्था. हें झालें टपालखात्याचें काम. पत्र पोंचतें करणें हें टपालखात्याचें कर्तव्य खरें. परंतु पत्रांत मायना काय घालावा, कोणत्या भाषेंत लिहावें, उत्तर आलें नाहीं तर काय समजावें, हें टपालखातें सांगत नाहीं. दोन संगणकांनीं परस्परांशीं बोलावयाचें तें कसें, हें कोणीं ठरवावें याचा निर्णय कंपनीच्या करारांत नव्हता. तो प्रश्न ज्या चार ठिकाणीं प्रथम इंप बसावयाचे होते त्या ठिकाणच्या लोकांवर येऊन पडला.

हीं चार ठिकाणें म्हणजे लॉस एंजेलिस व सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन शाखा, स्टॅनफर्ड संशोधनसंस्था आणि युटा विद्यापीठ. १९६८ च्या उन्हाळ्यांत या चौघांच्या प्रतिनिधींची पहिली बैठक झाली. प्रतिनिधि बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी होते. लॉस एंजेलिसच्या गटांत स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे तिघे होते. तिघेहि त्या शहराच्या व्हॅन नाइस भागांतील एकाच शाळेंतून आलेले आणि तिघेहि पंचविशीच्या आंतबाहेर. या मंडळाला त्यांनीं 'नेटवर्क वर्किंग ग्रूप' असें भारदस्त नांव दिलें खरें, पण त्या नांवामागें सरकारी हुकूम नव्हता, अध्यक्षाची निवडणूक नव्हती, घटना नव्हती. क्रॉकर यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे कीं, वॉशिंग्टनहून किंवा केंब्रिजहून कोणी जाणते अधिकारी लोक येतील आणि हें काम आपल्या हातांतून घेतील, अशी ही मंडळी सारखी वाट पाहत होती. ते जाणते लोक कधींच आले नाहींत.

बैठकींतून जें ठरत होतें तें लिहून काढणें आतां भाग होतें. येथेंच एक अडचण उभी राहिली, आणि ती यंत्राची नसून मनुष्यस्वभावाची होती. लिहिलेल्या शब्दाला आपोआप अधिकार चढतो. विद्यार्थ्यांनीं नियम म्हणून कांहीं लिहून पाठविलें आणि एखाद्या बड्या प्राध्यापकानें तें उद्धटपणा समजून फेटाळलें तर? क्रॉकर त्या वेळीं मित्रांकडे उतरले होते. घरांतल्यांची झोंपमोड होऊं नये म्हणून रात्रीं न्हाणीघरांत बसून त्यांनीं पहिल्या टिपणाचा मसुदा केला. त्यावर ७ एप्रिल १९६९ ही तारीख आहे. त्या टिपणमालेला नांव काय द्यावें याचा विचार करतांना त्यांनीं मुद्दाम असें नांव शोधलें कीं, ज्यांत हुकमाचा वासहि येऊं नये. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'अभिप्रायार्थ विनंति', हें तें नांव. त्याच महिन्यांतील तिसऱ्या टिपणांत या मालेची रीत सांगितली आहे. टिपण कोणत्याहि ठिकाणच्या कोणींहि लिहावें. तें घासून-पुसून काढण्यापेक्षां वेळेवर निघालेलें बरें. उत्तर ठाऊक नसतां नुसता प्रश्न विचारला तरी चालेल. एक वाक्य लिहिलें तरी तें टिपण होय. विद्वत्सभांतून वावरलेल्या मनुष्याला ही रीत पोरकट वाटली असती. परंतु जी गोष्ट कोणालाच पुरती समजलेली नाहीं तिजविषयीं लोकांना निर्भयपणें बोलावयास लावण्याचा दुसरा मार्ग कोणता होता? एक गंमत मात्र येथें सांगितली पाहिजे. संगणकांच्या टपालाचे नियम सांगणारीं हीं टिपणें पहिल्या दिवसांत साध्या पोस्टमनच्या पिशवींतूनच गांवोगांव जात असत, कारण तीं ज्याविषयीं होतीं तें जाळें अद्याप व्हावयाचें होतें.

ऑगस्ट १९६९ च्या अखेरीस लॉस एंजेलिसचा इंप प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेंत येऊन पोंचला. ऑक्टोबरांत दुसरा स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत बसला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं रात्रीं साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानें लॉस एंजेलिसहून दूरच्या संगणकांत प्रवेश मागण्यासाठीं 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द एकेक अक्षर करून टाइप करण्यास आरंभ केला. पलीकडे बिल डुव्हाल कानाला टेलिफोन लावून बसले होते. 'एल' पोंचल्याचें त्यांनीं सांगितलें. 'ओ' पोंचला. 'जी' पाठविला आणि पलीकडचा संगणक कोसळला. सुमारें तासाभरानें दोष काढून पुन्हां प्रयत्न झाला व तो यशस्वी ठरला. छायाचित्र काढावयास कोणी नव्हतें. प्रयोगशाळेच्या नोंदवहींत एक ओळ तेवढी लिहिली गेली. या दोन अक्षरांवर पुढें पुष्कळ काव्यमय लिहिलें गेलें. पण त्या रात्रीं त्या खोलींतल्यांच्या दृष्टीनें तो प्रकार म्हणजे पहिल्या खेपेस बिघडलेला आणि दुसऱ्या खेपेस साधलेला एक प्रयोग, एवढाच होता.

खरा अपेशाचा प्रसंग त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आला, आणि त्याची आठवण क्वचितच काढली जाते. आर्पाच्या बाजूनें या योजनेचे सूत्रधार असलेले लॅरी रॉबर्ट्स यांच्यापुढें युटा येथें विद्यार्थ्यांनीं आपली तोंवरची रचना मांडली. तींत दूरच्या संगणकापुढें टर्मिनल लावून बसल्याचा भास उत्पन्न होत होता, याहून फारसें कांहीं नव्हतें. एक संगणक धनी आणि दुसरा नुसता चाकर, असा तो मामला होता. एवढ्यानें भागणार नाहीं, हें रॉबर्ट्स यांनीं स्पष्ट केलें. मंडळी परतली आणि पाटी पुसून नव्यानें बसली. त्या पुनर्विचारांतून जी युक्ति निघाली ती आजहि टिकून आहे. सर्व गोष्टी एकाच नियमांत कोंबण्याऐवजीं मजल्यावर मजला चढवावा. तळमजल्यावर दोन संगणकांमध्यें निरोपांची ये-जा तेवढी असावी. तेथें कोणी धनी नाहीं, कोणी चाकर नाहीं. फाईल पाठविणें, दूरच्या यंत्रावर काम करणें हे वरचे मजले; ते ज्याला हवे त्यानें, हवे तेव्हां बांधावे. वरचा मजला बांधणाराला तळमजल्याच्या मालकाची परवानगी विचारावी लागूं नये.

ही परवानगी लागत नव्हती म्हणूनच अनपेक्षित माणसें वरच्या मजल्यांवर काम करूं शकलीं. कानपूरच्या आय.आय.टी.तून १९६५ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण हे पुढील शिक्षणासाठीं एम.आय.टी. या संस्थेंत गेले होते. एका संगणकावरील फाईल दुसऱ्यावर कशी न्यावी याचा प्रोटोकॉल त्यांनीं लिहिला. एप्रिल १९७१ मधील तें ११४ व्या क्रमांकाचें टिपण होय. दोन संगणकांच्या फाईली ठेवण्याच्या पद्धति भिन्न असल्या तरी मागणाराला त्याचा त्रास पडूं नये, हा त्या रचनेचा गाभा. पुढच्या वर्षीं त्याच प्रोटोकॉलांत टपाल पोंचविण्याच्या आज्ञाहि घालण्यांत आल्या, आणि जाळ्यावरील पत्रव्यवहार कांहीं वर्षें फाईल-वाहतुकीच्या गाडीला जोडलेल्या डब्यासारखा त्यावरूनच चालला.

विद्यापीठें मात्र या उद्योगाकडे नेहमींच कौतुकानें पाहत होतीं असें नव्हे. बॉब मेटकाफ हे हार्वर्डचे विद्यार्थी, एम.आय.टी.चा संगणक जाळ्याला जोडण्याचें काम त्यांनीं केलें आणि त्याच विषयावर प्रबंध लिहिला. १९७२ सालीं तो प्रबंध नामंजूर झाला. त्यांत सिद्धांत पुरेसा नाहीं, असा परीक्षकांचा आक्षेप होता. मेटकाफ यांनीं हवाई बेटांवरील रेडिओच्या जाळ्याचा अभ्यास करून गणिताची भर घातली, तेव्हां पुढच्या वर्षीं त्यांना पदवी मिळाली. परीक्षकांची बाजू अगदींच खोटी होती असें म्हणवत नाहीं. त्या सक्तीच्या गणितांतूनच मेटकाफ यांना 'इथरनेट'ची कल्पना सुचली, आणि एकाच इमारतींतील यंत्रांना जोडणारी ती पद्धति आज जगभर पसरली आहे. प्रबंध पहिल्याच खेपेस मंजूर झाला असता तर ती सुचती कीं नाहीं, कोण जाणे!

१९७२ च्या अखेरीस सर्फ हे स्टॅनफर्ड विद्यापीठांत अध्यापक झाले. विद्यार्थ्याचा गुरु झाला, पण पद्धति जुनीच राहिली. आतां प्रश्न अधिक बिकट होता. तारांचें जाळें एक, रेडिओचें दुसरें, उपग्रहाचें तिसरें. या जाळ्यांचेंच जाळें कसें करावें? बॉब कान आणि सर्फ यांनीं मे १९७४ मध्यें आपला प्रसिद्ध निबंध छापला. निबंधांत तत्त्व होतें. पण तत्त्वावर यंत्र चालत नाहीं. एकेक बारकावा ठरवून संपूर्ण नियम लिहिण्याचें काम सर्फ यांच्या विद्यार्थ्यांच्या वर्गांत झालें. डिसेंबर १९७४ मध्यें निघालेल्या ६७५ व्या टिपणावर तीन नांवें आहेत: सर्फ, कार्ल सन्शाइन आणि योगेन दलाल. दलाल हे मुंबईकरांना जवळचे वाटावे असे विद्यार्थी, पवईच्या आय.आय.टी.तून १९७२ सालीं पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले होते. 'इंटरनेट' हा शब्द छापील मथळ्यावर येतो तो याच टिपणाच्या.

त्या वर्गांत ज्या एका कोड्यानें सर्वांना छळलें तें श्रोत्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. रुंद नदीच्या दोन तीरांवर दोन माणसें उभीं आहेत आणि मध्यें धुकें आहे. अलीकडचा हांक मारतो, "ऐकूं येतें का?" ती हांक वाऱ्यानें विरली तर तो पुन्हां मारतो. पलीकडचा "ओ" देतो. पण तो "ओ" आतांच्या हांकेला कीं मघांच्या, हें कसें कळावें? मानवी हांक विरून जाते. जाळ्यांतलें पुडकें मात्र कोठेंतरी अडकून पडतें आणि बोलणें संपून नवें बोलणें सुरू झाल्यावर भुतासारखें येऊन उभें राहतें. जुन्या बोलण्याचा तुकडा नव्यांत मिसळला कीं सारा हिशेब चुकला. रे टॉमलिन्सन यांनीं यावर तोड दाखविली. पहिल्यानें आपल्या बोलण्याचा आरंभीचा आंकडा सांगावा; दुसऱ्यानें तो आंकडा परत म्हणून दाखवून स्वतःचा सांगावा; पहिल्यानें तो पुन्हां म्हणून दाखवावा. तीन निरोप पुरे झाल्यावांचून संभाषण सुरू झालें असें मानूं नये. याला तिहेरी हस्तांदोलन म्हणतात. त्याच्या खांचाखोंचा दलाल आणि सन्शाइन यांनीं तपासल्या व पुढें १९७८ सालीं त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आज मुंबईंतील एखादी गृहिणी मोबाईलवर विजेचें बिल भरते तेव्हां पडद्याआड बहुधा हेंच तिहेरी हस्तांदोलन चाललेलें असतें. कागदावर लिहिलेले नियम खरे कीं खोटे हें पाहण्यासाठीं स्टॅनफर्ड, केंब्रिजची कंपनी आणि लंडनचें युनिव्हर्सिटी कॉलेज अशा तीन ठिकाणीं तीन स्वतंत्र गटांनीं ते यंत्रावर उतरविले. स्वतंत्र गटांनीं लिहिलेले कार्यक्रम परस्परांशीं बोलूं लागेपर्यंत नियमांत कोठें संदिग्धता राहिली आहे हें कळत नसे. त्यानंतर चार वर्षें नियमांची अदलाबदल होत राहिली.

या सर्व काळांत टिपणें गोळा करणें, त्यांना क्रमांक देणें, कोणत्या कामाला कोणता आंकडा ठरला आहे याची वही ठेवणें, हें कंटाळवाणें काम जॉन पोस्टेल यांनीं पत्करलें. १९७२ च्या एका टिपणांत त्यांनीं सुचविलें कीं, हे आंकडे वांटण्यासाठीं एक सर्वाधिकारी नेमावा, आणि तो आपणच असावा कीं काय, अशी शंका कंसांत प्रश्नचिन्हासह घातली! त्या प्रश्नचिन्हाचें उत्तर कोणी दिलें नाहीं, पण काम त्यांच्याकडेच राहिलें. १६ ऑक्टोबर १९९८ रोजीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तें केलें. १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटवरील जुना प्रोटोकॉल बंद होऊन स्टॅनफर्डच्या वर्गांत रूप घेतलेला नवा सुरू झाला. त्याच वर्षीं बर्कलेच्या विद्यापीठानें आपल्या युनिक्स पद्धतींत हा प्रोटोकॉल घालून ती विद्यापीठांना उपलब्ध करून दिली. त्यामागें बिल जॉय यांचे श्रम होते, आणि तेहि मुळांत तेथील विद्यार्थीच. हिंदुस्थानांत १९८६ सालीं 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याला आरंभ झाला. त्यांत मुंबईंतून आय.आय.टी. आणि जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या दोन संस्था होत्या. सामान्य नागरिकाला पैसे भरून इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून.

परंतु विद्यार्थ्यांच्या या निर्मितींत एक उणीव राहून गेली होती. जे एकमेकांना नांवानें ओळखतात, ज्यांनीं एका खोलींत बसून वाद घातले, त्यांना आपल्या दाराला कडी असावी असें वाटत नाहीं. डिसेंबर १९७३ मध्येंच मेटकाफ यांनीं एका टिपणांत सावध केलें होतें कीं, लोक परवलीचे शब्द सहज सांपडतील असे ठेवतात, आणि लॉस एंजेलिसच्या दोन शाळकरी मुलांनीं एका संगणकाची मुख्य किल्लीच मिळविली आहे. टिपण वाचलें गेलें, आणि कारभार पूर्वीसारखाच चालू राहिला.

२ नोव्हेंबर १९८८ च्या सायंकाळीं रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यानें आपला एक कार्यक्रम एम.आय.टी.च्या संगणकावरून जाळ्यांत सोडला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपणहून जाणें, एवढेंच त्याचें काम. फाईली पुसणें किंवा नासधूस करणें त्यांत नव्हतें. टपालाच्या कार्यक्रमांत राहिलेली एक फट, दुसऱ्या एका कार्यक्रमांतील निष्काळजीपणा, सोपे परवलीचे शब्द आणि यंत्रांचा परस्परांवरील आंधळा विश्वास, या वाटांनीं तो शिरत असे. ज्या यंत्रावर तो आधींच आहे तेथें पुन्हां बसूं नये अशी योजना होती. पण कोणी खोटें उत्तर देऊन फसवील या भीतीनें, सातांतून एकदां उत्तर न मानतां बसावेंच, अशी तरतूद त्यानें केली होती. हा सातांत एक हिशेब भलताच चुकला. एकेका यंत्रावर त्याच्या अनेक प्रती जमल्या आणि यंत्रें गुदमरलीं. सुमारें ६०,००० यंत्रांपैकीं ६,००० सांपडलीं असा अंदाज त्या वेळीं करण्यांत आला. घोटाळा लक्षांत आल्यावर मॉरिस यानें हार्वर्डमधील एका मित्राकडून, हा कार्यक्रम कसा थांबवावा याची सूचना जाळ्यावर निनांवी पाठवविली. पण ज्या वाटेनें ती जावयाची ती वाटच तुंबलेली होती, आणि सूचना उशिरा पोंचली.

या अपराधाबद्दल १९९० सालीं त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. ती फार झाली असें म्हणणारे होते, थोडी झाली असेंहि म्हणणारे होते. क्रॉकर आणि त्यांचे सोबती ज्या मोकळीकींत वाढले त्याच मोकळीकींत हा विद्यार्थीहि वाढला होता, ही गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना नाकारतां आली नाहीं. कोणाची परवानगी न विचारतां वरचा मजला बांधण्याची सोय ज्या दारानें आली, त्याच दारानें हाहि आंत आला होता. तें दार बंद करावें असें सुचविणारे पुष्कळ निघाले. पण तें बंद केल्यावर पुढचे भूषण आणि दलाल कोठून आंत येणार, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. शेवटीं दार उघडेंच राहिलें आणि पहारा बसला. त्याच महिन्यांत कार्नेगी मेलन विद्यापीठांत अशा संकटांत धांवून जाणारें पहिलें पथक स्थापन झालें.

मॉरिस हे पुढें एम.आय.टी.मध्येंच प्राध्यापक झाले. तेथें त्यांनीं शिकविलेल्या विषयांत विद्यार्थ्यांना दरवर्षीं एक मोठा प्रयोग दिला जाई. अनेक संगणकांनीं मिळून एकच हिशेब राखावयाचा. मात्र मधलें जाळें निरोप गाळणार, कांहीं निरोप उशिरा आणि उलटसुलट क्रमानें पोंचविणार, एखादें यंत्र ऐन बोलण्यांत बंद पाडणार, आणि हें सारें गृहीत धरूनच विद्यार्थ्यानें आपला कार्यक्रम लिहावयाचा.